वलांडीवरच्या सात पँटी

कमलाकांतच्या पँटींबद्दल सातपाटीत कोण काय बोलतं ते मला सांगू नका. सगळं ऐकून झालंय. डोक्यावर परिणाम झालाय म्हणे, जपानी बाईची आठवण आहे म्हणे, काय नि काय! माझं नाव विश्राम, बाजाररस्त्यावर माझं शिलाईचं दुकान आहे, गाव मला मास्तर म्हणतं. कमळ्याच्या अकराच्या अकरा पँटी माझ्या हाताखालून गेल्यात. तेव्हा ह्या विषयावर बोलायचा अधिकार गावात एकट्या माझा, असं मी बारा वर्षं छाती काढून सांगत आलो. ह्या माघापर्यंत तरी.

कमलाकांत मच्छीमाराच्या घरातला. बापाची होडी थोरला भाऊ एकनाथ चालवायला लागला आणि हा अठ्ठाविसाव्या वर्षी मालवाहू जहाजावर लागला, खाली इंजिनात, तेलवाला म्हणून. आठ-दहा महिने बाहेर, मग दोन-तीन महिने घरी. गावातली आणखी पाच-सहा माणसं तेव्हा जहाजावर होती. ती येताना टेपरेकॉर्डर आणत, मनगटी घड्याळं आणत, बायकोला नायलॉनची साडी आणत. त्र्याऐंशी साली कमळ्या जपानहून आला आणि त्यानं काय आणलं, तर एक निळी जीनची पँट. स्वतःसाठी!

त्याची बायको हिरा तेव्हा पालघरच्या बाजारात मासळी विकायला जायची. रिकामी पाटी घेऊन परतताना माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकली आणि म्हणाली, "मास्तर, नवरा आठ महिन्यांनी आला, आनि आणली काय, तर पँट! तीबी पत्र्यासारखी. उभी केली तर उभी राहते."

दुसऱ्या दिवशी तीच पँट घेऊन कमळ्या आला. उंचीला बेताचा गडी, पाय चार बोटं लांब होत होते. मी कात्री लावली, दुमडलं, मशीनवर शिलाई मारली. पाच मिनिटांचं काम. त्यानं पँट उलटी करून पायाची दुमड बघितली आणि चेहरा असा झाला की मला वाटलं ह्याला चक्कर येते की काय.

"मास्तर, साखळी टाका होता. तुमी साधी शिलाई मारली."

"अरे, तुझे पाय कोण वाकून बघतंय?"

"मी बघतो," तो म्हणाला.

मग त्यानं माझं चिंध्यांचं पोतं पालथं केलं, पायांची कापलेली दोन टोकं शोधली, खिशात घातली आणि निघून गेला. वर्षभर दुकानाची पायरी चढला नाही. मीही म्हटलं, गेला उडत! पुढच्या फेरीहून आला तो दुसरी पँट आणि पिवळ्या जाड दोऱ्याचं रीळ घेऊन. दोन्ही माझ्यापुढे ठेवलं. "हातानं घाला. घाई नाय."

दोन दिवस लागले मला. बोटांना भोकं पडली. पण तो साखळी टाका घालताना मी पहिल्यांदा त्या कापडाकडे नीट बघितलं, आणि खोटं कशाला बोलू, अडकलो. आतल्या बाजूला धोतराला असतो तसा काठ, त्यात एक तांबडा धागा. खिशाच्या कोपऱ्यांवर तांब्याचे रिबीट. कमळ्यानं मला समजावलं, की पन्नास वर्षांपूर्वी अमेरिकेत हमाल, खाणकामगार असल्या पँटी घालत. मग त्या बंद झाल्या, कापड बदललं, माग बदलले. आणि जपानात काही वेडे निघाले, त्यांनी जुन्या पँटी उसवल्या, टाके मोजले आणि तशाच्या तशा नव्या शिवल्या. एका नमुन्याच्या दोनशे, फार तर तीनशे. कमरेच्या चामड्यावर आकडा. ह्याच्या एका पँटीवर एकशे चाळीस होता.

"म्हणजे नक्कलच की रे!" मी म्हटलं.

"नक्कल नाय, मास्तर," तो चिडलाच. "विसरलेलं परत केलंय त्यांनी."

जपानात तो ह्या पँटी घ्यायचा ते दुकान बंदराजवळच्या एका जिन्यावर होतं. दुकानदाराला ह्याची भाषा येत नव्हती, ह्याला त्याची. दर फेरीला हा जायचा, दोघं कापड चिमटीत धरून माना हलवायचे. एकदा तर त्यानं ह्याला चहा पाजला, ते कमळ्या दहा वेळा सांगे.

त्या पँटीचे नखरे काय सांगू! पहिल्यांदा पाण्यात गेली की आवळते, म्हणून ती अंगात घालून पाण्यात बसायचं आणि अंगावरच वाळवायची. हा बाबा बोंबील धुवायच्या टाकीत कमरेपर्यंत बसला. अर्धी आळी बघायला जमली. हिरा पदर तोंडात धरून हसत होती आणि मधूनच ओरडत होती, "अवो, बाहेर या, लोक काय म्हणतील!" त्यानंतर वर्षभर धुवायची नाही. वासानं हिरानं त्याला ओटीवर जेवायला बसवलं. ज्या बाईचा जन्म सुक्या मासळीत गेला तिनं नाक मुरडावं, म्हणजे बघा.

पण त्याचं एक म्हणणं होतं आणि ते मला पटलं होतं. रंग अंगानं उडायला पाहिजे, उन्हानं नाही. गुडघा वाकतो तिथं, खिशात पाकीट असतं तिथं, शिडी चढताना मांडी घासते तिथं पांढरं होत जातं. दोन माणसांची पँट एकसारखी होत नाही. आमच्याकडे जाळ्याची गाठ बघून कुणी विणलंय ते ओळखतात, तसंच हे. म्हणून त्याच्या न वापरलेल्या पँटी ट्रंकेत, काळ्या फडक्यात गुंडाळून. घरात कुणी हात लावायचा नाही.

एक पँट तीन वर्षं, असा त्याचा हिशेब. अकरा जमल्या, तीन वापरून झाल्या, चौथी संपत आली होती. चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानात बसून तो बोटांवर मोजत होता. "सात उरल्या, मास्तर. एकवीस वर्षं. मी आता चव्वेचाळीस. पासष्टाव्या वर्षी शेवटची संपंल. मग न्या मला, माझं काय म्हननं नाय." आम्ही दोघं हसलो. अजून कानात आहे ते हसणं.

त्याच साली गणपती उठले आणि चार दिवसांनी त्याच्या अंगावरून वारं गेलं. घरीच होता, चहाचा कप हातातून पडला. पालघरच्या दवाखान्यात पंधरा दिवस काढले. उजवं अंग गेलं ते गेलंच. आणि वाचा. एकच शब्द राहिला, हाय. जेवायचं का? हाय. नको का? हाय. दुखतंय का? हाय. मान हलवायचा, पण ती होकाराची की नकाराची, त्याचं त्यालाच कळत नसावं. डोळे मात्र पूर्वीचेच. त्या डोळ्यांत सगळं असायचं आणि बाहेर काही यायचं नाही.

मी दोनदा गेलो आणि मग जायचं बंद केलं. हो, केलं. मला बघवत नव्हतं. बोईसरला एका कारखान्याचे गणवेश शिवायचं काम धरलं आणि त्याच्या आड लपलो. तिथंच माघात एक गोष्ट बघितली. शेजारच्या शेडमध्ये नव्या कोऱ्या जीनच्या पँटी दगडांबरोबर मोठ्या पिंपात घालून गरगर फिरवत होते. तासाभरात गुडघे पांढरे. मी विचारलं हे कशाला, तर तिथला कामगार म्हणाला, "गिऱ्हाईक को पुराना मंगता है, मास्टरजी." माझं डोकंच फिरलं. तीन वर्षांचं काम तासात! वाटलं, हे कमळ्याला सांगितलंच पाहिजे. बोलता नाही आलं तरी चिडेल तरी, डोळे वटारेल. त्या ओढीनं मी त्याच्या घरी गेलो.

कमळ्या ओटीवर खाटेवर होता, तोंड अंगणाकडे. अंगणात बोंबील वाळवायच्या वलांड्या, उभ्या-आडव्या बांबूंच्या. त्यावर बोंबील लटकत होते. आणि खाटेच्या बरोबर समोरच्या बांबूवर ओळीनं सात पँटी.

मी जागच्या जागी उभा राहिलो. दर्शनी बाजू पार विटलेली, निळीचं पाणी झालेलं. बांबूवर घडी पडायची तिथं मांड्यांवर आडवा पट्टा तर पार पांढरा. नेम धरल्यासारखा सातही पँटींवर.

"या मास्तर," हिरा म्हणाली. तिनं बाजार सोडला होता, ह्याच्याजवळ राहता यावं म्हणून अंगणातच मासळी वाळवायची. "दिवाळीला ट्रंक उघडली तर एकीला बुरशी! तवापासून रोज घालते उन्हात. सकाळी घालते, सांजच्याला काढते, एक दिवस चुकवला नाय. ह्यांच्या नजरेसमोरच घालते. बघून डोळ्यांना पानी येतं त्यांच्या. एवढा आनंद दुसऱ्या कशाचा होत नाय."

आमच्या इथं बाईला लहानपणापासून एकच शिकवलेलं असतं, टिकवायचं तर उन्हात घाल. तिची काय चूक?

कमळ्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी नजर चुकवली आणि कारखान्याची गोष्ट न सांगताच, चहा न घेता निघालो.

आठ दिवस मला अन्न गोड लागलं नाही. सांगावं, तर त्या बाईचा दिवस ज्याच्यावर उभा आहे तेच काढून घ्यायचं. न सांगावं, तर तो रोज समोर बघणार, तोंड उघडणार आणि हाय म्हणणार. शेवटी मनाशी म्हटलं, त्याच्या मनातलं गावात मला एकट्याला कळतं. मी नाही बोललो तर कोण बोलणार? गेलो आणि सांगितलं. "वैनी, ह्या उन्हात घालू नका. रंग जातो. रंग उन्हानं जाऊ नये म्हणून तो काळ्या फडक्यात ठेवायचा. तो आनंदानं नाही रडत. तो त्यासाठी रडतो."

हिराच्या हातात बोंबलांची पाटी होती. तिनं एकेक करून सगळे बोंबील बांबूवर अडकवले, पाटी रिकामी झाली, मग ती खाली बसली.

"म्हंजे तीन महिने मी रोज त्यांच्या डोळ्यांदेखत..."

"तुम्हाला काय माहीत, वैनी? त्याला बोलता येत नव्हतं."

"तुमाला तर येत होतं ना, मास्तर?" ती म्हणाली. "दिवाळीपासून कुठं होता तुमी?"

तिनं उठून सातही पँटी काढल्या, घड्या घातल्या, काळ्या फडक्यात गुंडाळून ट्रंकेत ठेवल्या. कमळ्या बघत होता. मला वाटलं, आता शांत होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तिनं मला बोलावून घेतलं. कमळ्या रिकाम्या बांबूकडे बघत रडत होता. पेज घेतली नव्हती, डावा हात सारखा अंगणाकडे करत होता. मी ट्रंक उघडून एक पँट त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं ती ढकलली. की जवळ ओढताना निसटली, तेही नीट कळलं नाही. मग माझ्या शिंपीडोक्यातून युक्ती निघाली. म्हटलं, उलट्या करून सावलीत घालू, म्हणजे रंगही राहील आणि त्याला दिसतीलही. सातही पँटी उलट्या केल्या, ओटीच्या कडेला दोरी बांधून त्यावर टाकल्या. पांढरी आतली बाजू, तांबड्या धाग्याचा काठ, माझ्या हातचे पिवळे टाके, सगळं त्याच्या समोर. अगदी खूश होऊन मागे वळलो.

तो रडतच होता. तसाच.

मी खाटेजवळ बसलो. "कमळ्या, रंगासाठी रडतोस?"

"हाय."

"ह्या घालायला मिळणार नाहीत म्हणून?"

"हाय."

"अरे, मग जहाज आठवतं का? तो दुकानदार? का हिरा राबते ते बघवत नाही? काय ते सांग ना रे!" मी ओरडलोच त्याच्यावर. आजारी माणसावर.

"हाय, हाय," तो म्हणाला. डाव्या हाताचा अंगठा जवळच्या पँटीच्या दुमडीवर होता, टाक्यावरून पुढेमागे फिरत होता.

हिरा दारात उभी होती. "मास्तर, तुमी सांगितलं ते खरं असंल," ती हळूच म्हणाली. "पन आदी मला वाटायचं, खुशीनं रडतात. दिवस निघायचा माझा. आता मी काय समजू, ते तरी सांगा."

ते मी तिला अजून सांगू शकलो नाही. रोज दुकान उघडायच्या आधी मी तिच्या घरी जातो. ती ट्रंकेजवळ उभी राहून विचारते, "मास्तर, आज घालू का नको?" कधी मी हो म्हणतो, कधी नको म्हणतो. तो दोन्ही दिवशी रडतो.