चौतीस नंबरचं तोंड

पेरूची बी दातात अडकली की जीभ दिवसभर तिथेच जाते. आत्याच्या सर्वेचं आमच्या घरात तसंच झालं आहे. जेवताना कुणीतरी एक किस्सा काढतं, त्यावरून दुसऱ्याला दुसरा आठवतो, आणि वरण गार होतं. मी तेव्हा गप्प असते. पण ह्यातले बरेच किस्से मी दीड फुटावरून पाहिले आहेत, आणि एक तर माझ्यामुळेच घडला. म्हणून लिहून काढते. लिहिताना मला बरं पडतं.

आत्या दातांची डॉक्टर आहे. धारला आमच्याच घरी राहते आणि बरीच वर्षं पीएचडी करते आहे. सरदारपूरच्या पुढे एक गाव आहे, तिथल्या शाळेतल्या सगळ्या मुलांचे दात तपासून किती किडलेत ते नोंदवायचं, असं तिचं काम. ती तोंडात बघून एकेक दात पुकारते. चांगला असला तर "शून्य", किडलेला असला तर "एक". शेजारी बसून एकाने ते लिहायचं. लिहिणाऱ्याने फक्त लिहायचं. "अरे बापरे" असंसुद्धा म्हणायचं नाही, मूल घाबरतं.

हे काम करणाऱ्या मुलीला इंदूरला नोकरी लागली आणि ती गेली. आत्या डोकं धरून बसली. "अक्षर चांगलं आणि तोंड बंद, अशी मुलगी आता मी कुठून आणू?"

आई पोळी लाटता लाटता म्हणाली, "वन्सं, तशी एक आपल्या घरात आहे की!"

म्हणजे मी. अकरावीत आहे. माझ्या शाळेला शनिवारी सुट्टी असते, गावातल्या शाळेला नसते. सगळं जुळलं.

*

आत्याला चेहरे लक्षात राहत नाहीत. देवासला आमच्या नात्यातलं एक लग्न होतं. एक गृहस्थ लांबून हात जोडत आले. "डॉक्टरसाहेब, ओळखलंत का?"

आत्या नुसती हसत उभी. आईने मागून कोपर मारलं, तरी काही उपयोग नाही. ते बिचारे आपलं नाव सांगणार, तेवढ्यात कुणीतरी विनोद केला आणि ते खदखदून हसले.

"अगोबाई!" आत्या ओरडली. "वरची उजवी, शेवटून दुसरी! बसवलेली कॅप टिकली का हो?"

नाव तिला अजूनही माहीत नाही.

*

तपासून झालं की प्रत्येक मुलाला एक ब्रश आणि पेस्ट मिळते. कीड असेल तर उपचाराची चिठ्ठीही. महिन्याभराने आत्याने एका मुलीच्या आजीला विचारलं, "ब्रश करती है ना ये?"

आजी घाईने आत गेली. कपड्यांच्या घड्यांखालून ब्रश काढून आणला. प्लास्टिकचं वेष्टनसुद्धा तसंच!

"सँभाल के राख्यो है, मैडम," ती अभिमानाने म्हणाली. "छोरी का ब्याव में काम आवेगो."

आत्या जीपमध्ये बसल्यावर म्हणाली, "लग्नात वापरणार म्हणे! मुलगी आठ वर्षांची आहे ग."

*

आता थोडं समजावून सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही.

दर दहा मुलांमागे एक मूल काही दिवसांनी पुन्हा तपासायचं असतं. कोणतं, ते आत्याला कळता कामा नये. नव्या मुलांच्या रांगेत तेही बसतं. मग पहिली नोंद आणि दुसरी नोंद शेजारी शेजारी ठेवून बघायची. जुळल्या तर तपासणाऱ्याचा डोळा स्थिर आहे असं मानतात. जुळल्या नाहीत तर सगळंच काम बाद.

"ती मुलांची तपासणी नव्हे, माझी," आत्या म्हणाली होती.

ही मुलं निवडायचं काम माझं. हेडमास्तरांना ते नीट समजावून सांगायचं कामही माझंच होतं. मी जीपमध्ये हिंदीत वाक्य जुळवलं. "सर, इन बच्चों की कोई ग़लती नहीं है, इन्हें दुबारा देखकर मैडम अपनी जाँच करती हैं." चांगलं वाक्य होतं. पण ऑफिसात हेडमास्तरांबरोबर आणखी दोन शिक्षक बसले होते आणि तिघांनीही एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी टेबलावर नंबरांची चिठ्ठी ठेवली. "ये बच्चे दुबारा आएँगे," एवढंच म्हटलं आणि बाहेर आले.

"दुबारा? ये सब?" त्यांनी मागून विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता. मी दारातून मान हलवली.

बाकीचं वाक्य अजूनही माझ्या तोंडात आहे.

*

फेरतपासणीच्या पहिल्या शनिवारी संध्याकाळी आत्याने कागद जुळवायला घेतले. चौतीस नंबर. पहिल्यांदा पाच दात किडलेले. दुसऱ्यांदा एकही नाही.

"बरे झाले वाटतं!" आई म्हणाली. "वन्सं, औषध कोणतं ते मलाही सांगा."

आत्या हसली नाही. किडलेला दात आपोआप बरा होत नाही, हे मलासुद्धा माहीत आहे.

"नंबर तू नीट घातलास ना?"

"हो," मी म्हणाले.

ते खरंच होतं. मूल हेडमास्तरांकडून नंबराची चिठ्ठी घेऊन येतं, मी त्याच्या मनगटावर बॉलपेनने नंबर घालते, मग ते आत्यासमोर बसतं. चौतीसचा नंबर मीच घातला होता. पण मला एक सवय आहे. वहीच्या मागच्या पानावर मी मुलांबद्दल काहीबाही लिहिते. चौतीसपुढे लिहिलं होतं, "दोन वेण्या, रिबीन एकीलाच, लाल. डाव्या कोपरावर भाजल्याचा डाग." आणि आज नंबर घालताना ते कोपर माझ्या समोरच होतं. स्वच्छ.

मला वाटलं, मीच चुकीचं लिहिलं असेल.

पुढच्या शनिवारी एक्कावन्न नंबर. माझ्या वहीत होतं, "कानाच्या भोकांत कडुनिंबाच्या काड्या." समोर बसलेल्या मुलीचे कान टोचलेलेच नव्हते! भोकं आठवड्यात बुजत नाहीत.

घरी येताना मी सांगायचं ठरवलं. "आत्या, ती मुलं म्हणजे ती मुलं नाहीत." मनात म्हणून पाहिलं तर मलाच ते वेड्यासारखं वाटलं. शिवाय मग हेडमास्तरांना काय सांगितलं, तेही विचारलं गेलं असतं. माझे ओठ हलत असावेत, कारण सगळ्यांनाच 'भिया' म्हणणारा ड्रायव्हर आरशात बघून म्हणाला, "भिया, ये बिटिया तो मन में ही बात कर लेती है!"

आत्याने ऐकलंच नाही. ती हात डोळ्यांसमोर धरून एकदा डावा डोळा मिटत होती, एकदा उजवा.

*

मग तिने घरी सराव सुरू केला. काढलेले दात तिने कॉलेजातून आणले होते, स्वच्छ करून, वाळवून. किती किडलेत त्याप्रमाणे ते नव्या कोऱ्या मसाल्याच्या डब्यात सात वाट्यांत लावले. रोज सगळे ओतून एकत्र करायची, नुसतं निरखून पुन्हा लावायची.

एकदा आजोबांचे जुने स्नेही आले. आम्ही त्यांना काकासाहेब म्हणतो. जेवण झालं आणि हात पुसत ते बैठकीच्या खोलीतल्या टेबलाकडे वळले. डबा उघडाच होता.

"वा! घरची सुपारी?" असं म्हणून त्यांनी तिसऱ्या वाटीतून एक उचलली.

आई धावली. "काकासाहेब, ती नको! ती... ती किडकी आहे!"

काकासाहेबांनी ती उजेडात धरून पाहिली आणि परत ठेवली. चौथ्या वाटीत. आत्या दोन तास शोधत होती.

*

आत्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे इंदूरला गेली. मी बरोबर होते. डॉक्टरांनी सगळी यंत्रं लावली, डोळ्यांत बाहुल्या मोठ्या करायचे थेंब घालून आत पाहिलं, आणि हसून म्हणाले, "आँखें एकदम बढ़िया हैं. चश्मे का नंबर भी वही है."

आत्या रडायला लागली.

डॉक्टर गोंधळले. "मैंने कहा, बढ़िया हैं!"

"इसीलिए," आत्या म्हणाली.

डोळ्यांत दोष निघाला असता तर चष्मा बदलता आला असता. बसमध्ये थेंबांमुळे तिला काही दिसत नव्हतं. ती माझा हात धरून बसली होती. तेव्हा मी सांगायला हवं होतं. घाटाबिल्लोदपर्यंत मी तीनदा तोंड उघडलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "मळमळतंय का तुला?" मी हो म्हणाले.

त्याच दिवशी तिच्या पीएचडीच्या गाइड सरांचा फोन आला. ते स्वतः येणार होते. न जुळलेली सगळी मुलं त्यांच्यासमोर पुन्हा तपासायची.

"मी त्यांना आधीच सांगणार आहे," आत्या आईला म्हणाली. "हे काम बंद करते. ज्या मुलांचे दात ठणकतायत, त्यांच्या नावापुढे मी शून्य लिहीत असेन तर कसली ही डॉक्टर?"

आई पोळपाट बाजूला सारून तिच्याजवळ येऊन बसली.

*

तिसरा शनिवार. गाइड सर वर्गातल्या बाकावर मास्क लावून बसले. मांडीवर पहिल्या वेळचे कागद. ते फार बोलत नाहीत, त्यामुळे मला ते थोडे आपल्यातले वाटले. आत्याने घसा खाकरला. "सर, शुरू करने से पहले मुझे कुछ कहना है..."

"पहले देख लेते हैं," सर म्हणाले. "चौंतीस बुलाइए."

एक मुलगी चिठ्ठी घेऊन आत आली. दोन्ही वेण्यांना रिबिनी. तिने हात पुढे केला. कोपर स्वच्छ.

मी तिचं मनगट धरलं. पेन टेकवलं. पेन पुढे जाईना.

"नंबर घाल," आत्या म्हणाली.

"लिखो बेटा," सर म्हणाले.

"ये चौंतीस नहीं है!"

आवाज इतका मोठा आला की मलाच दचकायला झालं. वर्गात सगळे थांबले. आत्याच्या हातातला छोटा आरसा तसाच वर राहिला.

ती मुलगी मात्र शांत होती. "मैं चौंतीस की तरफ़ से आई हूँ," ती म्हणाली.

"तरफ़ से?" सरांनी मास्क खाली ओढला.

दारात हेडमास्तर उभे होते. ते हात जोडून पुढे आले. "सर, दाँतों में जो फेल हो गए, मैडम ने उनको दुबारा बुलवाया. सप्लीमेंट्री में. अब फेल बच्चों को मैं फिर से सामने बैठाता? और आज तो आप आए हैं! मैडम की क्या इज़्ज़त रहती?" त्यांनी त्या मुलीच्या पाठीवर हात ठेवला. "पूरे स्कूल के सबसे अच्छे दाँत भेजे हैं, सर. हर बार छाँट-छाँट के!"

आत्या स्टुलावर बसली. तिचा मास्क हलत होता. हसते आहे की रडते आहे, कळत नव्हतं.

"आत्या," मी म्हणाले, "हेडमास्तरांना सगळं सांगायचं होतं, ते मी सांगितलंच नाही. आणि मुलं वेगळी आहेत हे मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

तिने हातातला आरसा खाली ठेवला. मग म्हणाली, "वही आण तुझी. मागच्या पानांची."

खरी मुलं हँडपंपामागे सापडली. ओळीने उकिडवी बसली होती आणि सगळ्यांच्या तोंडात ब्रश. सप्लीमेंट्री, म्हणजे नापासांची फेरपरीक्षा, आली म्हटल्यावर त्यांनी तयारी सोडली नव्हती! पेस्ट केव्हाच संपली होती, राखेने चाललं होतं.

माझ्या वहीवरून एकेकाला ओळखून आत घेतलं. खरी चौतीस आली. लाल रिबीन, कोपरावर डाग.

"मैडम, इस बार पूरी तैयारी से आई हूँ," ती म्हणाली आणि शक्य तेवढं मोठं तोंड उघडलं.

"शून्य," आत्या म्हणाली. "शून्य. एक. शून्य. एक."

मी लिहीत होते. सरांचं बोट जुन्या कागदावर एकेक घर पुढे सरकत होतं. ते कुठे थांबतंय का, हे मी डोळ्याच्या कडेने बघत होते. थांबलं नाही. पाचही एक आपापल्या जागी आले. मग एक्कावन्न, मग पुढची. सगळी मुलं संपल्यावर सरांनी फोनच्या कॅल्क्युलेटरवर जुळणीचा हिशोब केला. पुन्हा एकदा केला.

"डॉक्टर साहब," ते म्हणाले, "आपकी आँख ठीक है."

चौतीस नंबर अजून गेली नव्हती. मुठीत उपचाराची चिठ्ठी होती, तरी ती सरांसमोर हटून उभी होती.

"सर, मैं पास?"

सरांनी तिच्याकडे पाहिलं. खिशातून लाल पेन काढलं, तिचं मनगट धरलं आणि नंबराच्या शेजारी ठळक अक्षरांत लिहिलं, "पास."

झालं! बाकीच्यांनी लगेच रांग लावली. मनगटं पुढे. हेडमास्तर रांग सरळ करत होते. सर एकेकाला लिहून देत होते, वर न बघता.

शेवटचं मनगट जरा मोठं होतं. त्यावर नंबर नव्हता. सरांनी वर पाहिलं.

ग्लोव्ह काढून, हात पुढे करून आत्या उभी होती.