थोरलीचं वय माझ्या माथी

"तोंड उघड. अजून मोठं."

भर कोर्टात आरोपीच्या वकिलाने मला सांगितलं. मी उघडलं. त्याने वाकून आत पाहिलं आणि न्यायाधीशांकडे वळून म्हणाला, "सगळे दात आलेत, साहेब. ही काय लहान पोर आहे?" मागच्या बाकावर कुणीतरी हसलं. बाजारात बैलाचा जबडा फाकवून वय बघतात, तसं माझं बघितलं. बैलाला निदान लाज तरी नसते.

मला तेव्हा तेरावं सरून चौदावं लागलं होतं. कोल्हापूर संस्थान विलीन होऊन दोन-चार वर्षं झालेली. आई ज्या घरी धुणीभांडी करायची, त्या घराच्या मालकावर खटला होता. त्याने माझ्यावर काय अत्याचार केला, ते मी परक्या पुरुषांसमोर तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगणार नाही. इथेही नाही.

आई दाराबाहेर होती. तीही साक्षीदार, म्हणून माझी साक्ष होईतो तिला आत यायची मनाई. दाराच्या फटीतून तिच्या लुगड्याचा काठ दिसत होता. मी त्याच्याकडेच बघत बोलत होते. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं, बाप गेला तेव्हाही नाही.

सगळा खटला एका आकड्यावर अडला होता. सोळा. मुलगी सोळाच्या आतली असेल तर मालक गुन्हेगार. वरची असेल तर ती ओरडली का, अंगावर जखमा होत्या का, हे बघणार. मी ओरडले नव्हते. भीतीने आवाजच फुटला नव्हता.

मग आईला आत बोलावलं. वकिलाने एक कागद काढला. राधानगरीकडच्या आमच्या गावची जन्मनोंद. बापाचं नाव, आणि पुढे नुसतं 'मुलगी'. त्या नोंदीप्रमाणे मी सतरा वर्षांची.

आई कठडा धरून ओरडली, "ती थोरली, सायेब! ती दोन वर्साची हून मेली. ही धाकटी हाय. ही उचगावात झाली, माज्या भैनीकडं."

"थोरली मेल्याची नोंद?"

"तापानं मेली. पुरली. नोंद बिंद कुनाला ठावं?"

"आणि हिच्या जन्माची?"

मुलगी झाली की सरकारात जाऊन सांगायचं असतं, हे आईला कुणी सांगितलंच नव्हतं.

वकील पुन्हा माझ्याकडे आला. "अक्कलदाढ फुटतेय का बघू. उघड तोंड."

मी दातांवर दात दाबले. मग म्हणाले, "न्हाय उघडणार. मी बैल न्हाय."

तो हसला. "बघा साहेब. लहान पोर असं उत्तर देते का?"

माझा नकारही त्याने माझ्याविरुद्धचा पुरावा केला.

निकाल लागला. मुलगी सोळाच्या आतली असल्याचं सिद्ध झालं नाही. जखमा नाहीत, आरडाओरडा नाही. आरोपी निर्दोष. मालक पान चघळत पायऱ्या उतरला. जिला मी कधी पाहिलंही नाही, त्या मेलेल्या बहिणीचं वय माझ्या माथी मारून त्याला सोडलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात. मला तोंड उघडायला लावून मारलं.

त्यानंतर नळावर मी गेले की बायका गप्प व्हायच्या. मैत्रिणींना आयांनी हाताला धरून आत नेलं. मालकाला मात्र सगळे रामराम घालत होते.

पंधरवड्याने शहरातल्या एक शिक्षिकाबाई आमच्या खोलीवर आल्या. निकाल ऐकून त्या पेटल्या होत्या. कायदा तातडीने बदला, असा सरकारला अर्ज लिहून आणलेला. वयाचा संशय असेल तर फायदा पोरीला द्या. साक्ष बंद खोलीत घ्या. आईला शेजारी बसू द्या. खाली शहरातल्या बायांच्या सह्या. मी त्यात होते, पण 'एक अभागी बालिका' म्हणून.

"तुझी सही नको, बाळ," बाई मायेने म्हणाल्या. "उद्या तुझं लग्न व्हायचंय."

"लग्नाचं ऱ्हाऊ द्या, बाई. पेन द्या हिकडं."

आई चुलीपाशी बसून बघत होती. तिने अडवलं नाही. मी 'अभागी' खोडलं. सगळ्या सह्यांच्या खाली माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे वयाचा रकाना होता. त्यात लिहिलं, चौदा.

बाई कासावीस झाल्या. "अगं, कोर्टाच्या कागदात सतरा आहे. अर्ज फेटाळतील."

"फेटाळू देत. परत लिवीन. चौदाच लिवीन."