धामणीचं धनुष्य

धामण म्हटलं की लोकांना साप आठवतो. मला झाड आठवतं, आणि अजूनही डोकं तापतं. पूर्वी कावडीला, कुऱ्हाडीच्या दांड्याला हे चिवट लाकूड लागायचं. आमच्या काळात ते शोधूनही सापडेना. नव्वदीच्या शेवटी शेवटी दिंडोरीकडच्या माझ्या एका मित्रानं द्राक्षबाग लावायची म्हणून बांधावरची जुनी धामण पाडली. मला दुर्बुद्धी सुचली आणि ती बातमी मी घरी अण्णांना सांगितली.

अण्णा म्हणजे माझे वडील. जंगल खात्यात गार्ड होते. उमेदीची वर्षं पेठकडच्या डोंगरात गेली आणि तिथल्या शेजाऱ्यांकडून ते तिरकमठा करायला, चालवायला शिकले. तिथं सगळे बांबूचाच करत, पण एका म्हाताऱ्याकडे धामणीचं धनुष्य होतं. ते अण्णांच्या डोक्यातून कधी गेलंच नाही. नाशकात घर बांधलं, निवृत्त झाले, आणि मग हातांतली ताकद जायला लागली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, स्नायूंचा आजार आहे, वाढतच जाणार. ते मी फक्त आईला सांगितलं. अण्णांना एकच हवं होतं: धामणीचं धनुष्य आपल्या हातानं एकदा पुरतं कानापर्यंत ओढायचं. मित्राकडून ओंडका आणून ते करायचं मात्र मी. मी ओझरच्या कारखान्यात फिटर. लोखंड सांगितलेलं ऐकतं. लाकूड ऐकत नाही, आणि अण्णा तर मुळीच नाही.

"करवत लावायची नाय. पाचर मारून फाड." फाडलं. "उन्हात ठेवू नको." टोकांना शेण फासून जिन्याखाली ठेवलं, तर अडगळ झाली म्हणून बायको रोज बोलायची. वाळल्यावर पहिला तुकडा तासला, दोरी चढवली, अर्धा ओढला आणि काडकन मोडला. आत गाठ होती.

"तुला दिसली नाय?" अण्णा म्हणाले.

दिसली असती तर मोडू दिला असता का मी? त्या दिवशी मी जेवलोच नाही. आता धड तुकडा एकच उरला होता.

तो मी जीव मुठीत धरून तासला. सालीखालचा थर म्हणजे धनुष्याची पाठ, तिला धक्का लावायचा नाही. पोटाकडून काढत जायचं, आधी वाकसानं, मग रंध्यानं, शेवटी फुटक्या काचेनं खरवडून. ओढून पाहायचं, दोन्ही बाजू सारख्या वाकतात का बघायचं, पुन्हा खरवडायचं. काढलेलं लाकूड काही परत लावता येत नाही, त्यामुळे हात सारखा धास्तावलेला.

एका रविवारी ते झालं. काय झालं होतं म्हणून सांगू! मी ओढून सोडलं तर बाण घरामागचे मेथीचे सगळे वाफे ओलांडून पार कुंपणाच्या बांधात रुतला. मग अण्णांनी हातात घेतलं. अर्ध्यावर आले आणि हात थरथरायला लागले.

"लय ताठ हाय. काढ अजून."

काढलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तेच, "लय ताठ हाय." पुन्हा काढलं. मी लाकूड त्यांच्या हातांच्या बेताचं करेपर्यंत हात आणखी उतरलेले असायचे. राग काढायचा कुणावर? लाकडाचा दोष नाही, अण्णांचाही नाही. मग मी बायकोवर खेकसायचो, स्कूटरला लाथा घालायचो, द्वारका चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अनोळखी माणसांशी भांडायचो. एवढं देखणं धनुष्य, आणि मी ते माझ्याच हातानं थोडं थोडं मारत होतो.

एकदा तडकलोच. "अण्णा, धनुष्य ताठ नाहीये हो!"

स्वयंपाकघरात आईनं भांडं आपटलं.

"मग काय हाय?" अण्णांनी शांतपणे विचारलं.

काय सांगणार, कपाळ? "बघतो," म्हणालो आणि काच उचलली.

शेवटी ते इतकं पातळ झालं की छडीसारखं लवायचं. त्या सकाळी अण्णा मागच्या दारी खुर्चीत बसले, बाण लावला आणि ओढायला लागले. हनुवटीपर्यंत आले, गालापर्यंत आले, आणि कान! पुरतं कानापर्यंत! बाण सुटला आणि मेथीच्या पहिल्याच वाफ्यात आडवा पडला.

अण्णांनी बाणाकडे पाहिलं, धनुष्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"पार वाटोळं केलंस रे. असलं लाकूड पुन्हा मिळतं व्हय? एवढं कशाला तासलंस?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी तासलं? मी? इतक्या महिन्यांचं सगळं जिभेवर आलं. अण्णांची बोटं अजून दोरीवरच होती, आणि त्यांची थरथर थांबता थांबत नव्हती.

"चुकलं अण्णा," मी म्हणालो. "हात आवरला नाही."

"तरी मला वाटलंच." त्यांचा चेहरा सैल झाला. "जाऊ दे, होतं असं. तो बाण आण इकडं. अजून एकदा ओढतो."