पालखीची वाट आणि आमचा व्हाळ

“मोठ्यान सांग. पालखी तुमच्या वाड्यार येता?”

नगराध्यक्षांनी विचारलं. पालिकेच्या सभेत. लांब मेजाभोवती सगळे नगरसेवक बसलेले, मुख्याधिकारी बसलेले, कनिष्ठ अभियंता बसलेला. उभी मी एकटी. हातात अर्जांची फाईल, त्यात आमच्या वाड्याच्या सांकवाचा, छोट्या पुलाचा, अर्ज.

“ना,” मी म्हटलं.

“आयकूंक ना.”

“येना. आमच्या वाड्यार पालखी येना.”

“मागीर तुमचो सांकव पयलो कसो?”

सगळे हसले. अभियंताही हसला, आणि तो तर माझ्याबरोबर डबा उघडणारा. माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. जमीन दुभंगावी वगैरे मला काही वाटलं नाही. मला वाटलं, हातातली फाईल त्या मेजावर आपटावी. आपटली नाही. राखीव जागेवरची नोकरी, लागून वर्षही झालं नव्हतं.

हे डिचोली तालुक्यातलं. गाव कुठलं ते सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. गोवा घटकराज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. आपलं राज्य, आपलं सरकार, असं जो तो म्हणायचा. मीही म्हणायची. माझं काम आवक टेबलावर. आलेल्या कागदाला नंबर द्यायचा, नोंदवहीत लिहायचं, शिक्का मारायचा. आमच्या वाड्यातली सरकारी कचेरीत खुर्चीवर बसणारी मी पहिली. माझ्या आधी वाड्यातली माणसं पालिकेत गेली ती गटारं काढायला.

आमचा वाडा महारांचा. बांबूची सुपं, टोपल्या विणणाऱ्यांचा. गाव आणि वाडा यांच्यामध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा. वरच्या अंगाला खाण सुरू झाली तसा व्हाळात तांबडा चिखल उतरला. पात्र भरलं, रुंदावलं, काठ निसरडे झाले. ओलांडायला पोफळीची दोन खोडं आडवी टाकलेली. पावसात ती वाहून जायची. वाड्यातले पुरुष पुन्हा टाकायचे.

त्या खोडांवरून आई पडली. डोक्यावर सुपांचा भारा होता. खुबा मोडला, जुळला तो वाकडा. काठी घेऊन अंगणात चालायची, पण दोन खोडांवर तोल धरणं तिला जमेना. एकदा चुलतभावाने पाठीवर घेऊन पलीकडे नेलं. बाजारात लोक बघत राहिले, कुणी तरी थट्टा केली. घरी आल्यावर म्हणाली, “परत म्हाका पाठीर घेवं नाका.” त्यानंतर चार वर्षं ती वाड्याबाहेर गेली नव्हती. बाजार हाच तिचा देव होता. कुणाशी घासाघीस केली, कुणाला हसवलं, कुठल्या बामणिणीला दोन सुपं जास्तीची गळ्यात मारली, हे ती रोज सांगायची. आता सांगायला काही उरलं नव्हतं. ती मला विचारायची, “बाजार भरता मगो अजून?”

दरवर्षी पालिका पुढच्या वर्षाच्या कामांची यादी करते. आधी अर्ज मागवतात. कचेरीच्या फळ्यावर नोटीस लावतात. मी ती नोटीस स्वतः लावली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कचेरी उघडताच आमच्या वाड्याचा अर्ज माझ्याच हाताने घेतला. व्हाळावर सिमेंटचा सांकव बांधावा. खाली अर्जदार म्हणून माझी सही. नोंदवहीत लिहिलं, क्रमांक एक. शिक्का असा दाबून मारला की मागच्या पानावर उमटला.

मला खरंच वाटलं होतं की जो आधी येतो त्याचं काम आधी होतं. इतकी शिकलेली मी, आणि इतकी बावळट. नियमांचं पुस्तक मी दोनदा वाचलं होतं. त्यात लिहिलं होतं, निकड पाहून अग्रक्रम ठरवावा. म्हटलं, निकड आहेच, आणि नंबरही पहिला. आता कोण अडवतो?

आईला सांगितलं. तिचे डोळे लकाकले.

“पयलो नंबर म्हळ्यार पावसाआदीं जातलो?”

“जातलो.”

“मागीर हांव बाजारांत वतलीं.”

त्या दिवसापासून ती सुपं विणायला बसली. नवी, बारीक पट्टीची. महिनाभरात ओसरी भरली. मी रोज संध्याकाळी ती मोजायची नाही, नुसती बघायची, आणि मला फार बरं वाटायचं.

मग ती सभा. मी फाईल उघडून क्रमांक एक वाचला. नगराध्यक्षांनी हात वर केला. हे आमचे भाटकार. वाड्याखालची जमीन त्यांची, आम्ही त्या जमिनीवर घरं करून राहणारे मुंडकार. माझा बाप त्यांच्यासमोर कधी सरळ उभा राहिला नाही.

“ही पद्दत न्हय,” ते म्हणाले. “पालखी खंयच्यान सुटता? थंयच्यान सुरवात कर.”

मला कळलंच नाही. मग अभियंत्याने समजावलं, लहान मुलाला समजावतात तसं. ग्रामदेवतेची पालखी वर्षातून एकदा देवळातून निघते. आधी देवळासमोरचा रस्ता, मग भाटकारांचं घर, मग पेठ, मग ज्या ज्या दारात पालखी थांबते, आरती होते, ते ते वाडे. कामांची यादी त्याच क्रमाने करायची. देवाची वाट आधी नीट झाली पाहिजे, नाही का? अशी यादी केली की कुणी भांडत नाही. देवाशी कोण भांडणार?

पालखी आमच्याकडे यायची ती व्हाळाच्या अलीकडपर्यंत. तिथे ती वळायची. आम्ही पलीकडच्या काठावर उभे राहून हात जोडायचो. लहानपणापासून मी जोडत आले. मला ते कधी टोचलंही नव्हतं, हे सांगताना आज मला माझीच लाज वाटते.

तेव्हा मी तोंड उघडलं आणि तो प्रश्न ओढवून घेतला. म्हटलं, “बाब, निकड आमची चड आसा.” त्यावर ते म्हणाले, मोठ्यान सांग.

हसणं थांबल्यावर यादी झाली. देवळासमोर फरशी. भाटकारांच्या दारापुढे डांबर, जे मागच्याच वर्षी घातलं होतं. पेठेत दिवे. असं करत करत अगदी तळाला, शेवटची ओळ: व्हाळावर सांकव, निधी उपलब्ध झाल्यास.

नगराध्यक्ष माझ्याकडे बघून हसले. या वेळी वाईट नव्हे, मायेने हसले. तेच मला जास्त झोंबलं.

“यादींत आसा मगो? आनी कितें जाय?”

यादीची पक्की प्रत मी लिहायची असं ठरलं होतं. कागद माझ्यापुढे, पेन माझ्या हातात. मी शेवटच्या ओळीवर आडवी रेघ मारली. एकदा. पुन्हा एकदा.

“कितें केलें?”

“खोडलें.”

“कोणाक विचारून?”

“अर्ज म्हजो आसलो. हांवें फाटीं घेतला. आमकां तुमच्या यादींत नाका.”

शब्द नीट बाहेर पडले. कुणी हसलं नाही. मुख्याधिकाऱ्यांनी माझ्याकडून कागद घेतला आणि दुसऱ्या कारकुनाला नवी प्रत लिहायला सांगितली. त्याने लिहिली, ती शेवटची ओळ वगळून. पाच मिनिटंही लागली नाहीत. बाकी कामं होती त्याच क्रमाने, त्याच वर्षी झाली.

वाड्यात मला शिव्या पडल्या. थोरला काका दारात येऊन म्हणाला, “आशिल्लें तेंय घालयलें.” होतं तेही मी घालवलं, चूक नव्हतं त्याचं. दर निवडणुकीला नगरसेवक यायचा आणि सांगायचा, यादीत आहे. तेवढ्यावर वाडा मतं द्यायचा. ते ‘यादीत आहे’ मी काढून घेतलं होतं. ओसरीवरची सुपं आईने एकेक करून शेजाऱ्यांना वाटून टाकली. पुढे तिने सूप विणलं नाही.

मला शिक्षा म्हणून मागच्या खोलीत टाकलं. जुन्या फायली, वाळवी, एकच जनेल, म्हणजे खिडकी, तेही मोडकं. मी फायली झटकत बसायची. तिथे मला सगळ्या जुन्या याद्या सापडल्या. पालिका झाल्यापासूनच्या. दर वर्षाच्या यादीत तळाला तीच ओळ. व्हाळावर सांकव, निधी उपलब्ध झाल्यास. कारकून बदलले, अक्षर बदललं, शाई बदलली. ओळ तीच, जागा तीच. सगळ्यात जुन्या यादीला एक अर्ज टाचलेला होता. कुणाकडून तरी लिहून घेतलेला. खाली अंगठा. अंगठ्याखाली नाव माझ्या बापाचं.

बापाने हे कधी सांगितलं नव्हतं. सुपं विणून विणून चिरलेला त्याचा अंगठा, त्या चिराही कागदावर उमटल्या होत्या. मी तिथे फरशीवर बसून रडले. आणि रडून झाल्यावर मला पहिल्यांदा खात्री पटली की मी खोडलं ते बरोबर खोडलं. त्यांनी आम्हाला कधी नाही म्हटलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर बाप भांडला असता, निदान गाव सोडून गेला असता. त्यांनी त्याला तळाची ओळ दिली आणि तो ती धरून मेला.

आई आणखी सहा वर्षं जगली. बाजार तिने पुन्हा पाहिला नाही. शेवटी शेवटी ती विचारतही नव्हती. गेली तेव्हा तिला त्याच दोन खोडांवरून न्यावं लागलं. खांदेकरी शेजारी शेजारी मावत नाहीत, म्हणून पुढे एक आणि मागे एक. मधे ती हेलकावत होती. मी मागून चालले. अर्ज मागे घेतला नसता तर? हा विचार आला. येतो. याद्या पाहिल्या आहेत म्हणून उत्तर ठाऊक आहे, तरी येतो.

आता माझी नोकरी संपत आली. सांकव नाही. होईल असं मला वाटतही नाही, खोटं कशाला बोलू. परवा नवा नगरसेवक आला होता. तरुण, शिकलेला, गोड बोलणारा. काठावर उभा राहून म्हणाला, “मावशे, एक अर्ज करून दी. यादींत घालून घेतां.”

पाठीमागे वाड्यातली पोरं उभी होती, बायका उभ्या होत्या. काहींना वाटत होतं मी द्यावा.

मी म्हटलं, “यादी बरोवंक येवं नाका. सांकव घालूंक येयात. ना जाल्यार ‘दिना’ म्हण कागदार बरोवन सही करात. तो कागद घेवन हांव कोर्टांत वतलीं.”

‘देणार नाही’ असं लिहून त्याने सही केली नाही. पण मी त्याच्यापुढे कोरा कागद आणि पेन धरून उभी राहिले, तो निघून जाईपर्यंत. पुढच्या वर्षी येईल त्याच्यापुढेही धरणार आहे.