नाकात गेलं त काय होते?

श्रावणमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानोऱ्याच्या बसस्थानकावर 'विषारी फवारणी थांबवा' अशी पत्रकं वाटत होते. पलीकडून मामी एवढंच म्हणाली, "तुहे मामा गेले वं… श्वासच पुरला नाई." उरलेली पत्रकं पिशवीत कोंबली आणि कारंज्याची एसटी धरली. त्याला दीड महिना झाला. तेव्हाच लिहायला बसले असते तर नुसत्या शिव्या लिहिल्या असत्या. आज फार वेगळं लिहीन अशी खात्री नाही.

कारंज्याबाहेर मामांचा भाजीचा मळा. पालक, मेथी, आणि कोथिंबीर, जिला आम्ही सांबार म्हणतो. आमच्याकडचे बरेच भाजीवाले घरच्यासाठी एक वाफा वेगळा राखतात, त्याच्यावर औषध मारत नाहीत. मामांना याची भयंकर चीड. "लोकाइले जहर अन् आपल्याले साजूक? मंग आपन भाजी विकतो का पाप?" म्हणून घरी यायची ती विकायच्याच वाफ्यातली जुडी. मामीनं ती तीन-तीनदा धुतली की चिडवायचे, "धू, धू… गिऱ्हाइकाच्या वाटची बी धू." अशा माणसाला माझं पत्रक पटणारच. त्यांनी कीटकनाशक सोडलं आणि दुकानातून एक पांढरी बाटली आणली. 'नॅनो टॉनिक. विषमुक्त. सुरक्षित.' मला दाखवत म्हणाले, "पाय पोरी, 'विषमुक्त'. तुह्या पत्रकातलाच शब्द हाय." मी मान डोलावली. मी! केसापेक्षा हजारो पटींनी बारीक कण म्हणजे नॅनो, एवढं मला ठाऊक होतं. फवारताना तोंडाला बांधलेल्या ओल्या दुपट्ट्यातून ते आरपार जातात का, हे विचारायचं मात्र सुचलं नाही. ते सुचलं मामांना, खोकला लागल्यावर.

बाटली घेऊन आम्ही सरकारी कार्यालयात गेलो. पहिल्या टेबलावरचे साहेब म्हणाले, "हे खत नाही, आमच्याकडे येत नाही." दुसऱ्या टेबलावरचे म्हणाले, "कीटकनाशकही नाही हे." मामा म्हणाले, "म्हंजे गाय बी नाई अन् म्हैस बी नाई. मंग दूध कोनाचं विकून राह्यले, साहेब?" सगळे हसले, साहेबही. हसणं ओसरल्यावर मामांनी बाटली पुढे सरकवली. "एकच सांगा. हे नाकात गेलं त काय होते, हे कोनं पायलं?" साहेब म्हणाले, "मार्गदर्शक तत्त्वं आहेत ना." "तत्त्वं नाकातोंडाले बांधता येते काय?"… या वेळी कोणी हसलं नाही. आम्ही अर्ज दिला, पोच घेतली. मी मळ्यात गेले की मामा खोकत विचारायचे, "आलं का वं उत्तर?" शेवटच्या भेटीतही तेच विचारलं.

डॉक्टरांनी बिडीबद्दल विचारलं. मामांनी आयुष्यात सुपारीसुद्धा खाल्ली नव्हती. फुफ्फुसं निकामी झाली एवढं कळलं, कशानं ते नाही. त्या बाटलीनं त्यांना मारलं असं मी म्हणत नाही. म्हणता येत नाही, आणि माझा संताप नेमका त्यावरच आहे. एखादी वस्तू फवारणाऱ्याच्या नाकापुरती तरी तपासली का, हेच कोणी सांगत नसेल तर आरोप तरी कशाच्या जोरावर करायचा? विकणाऱ्याला पुरावा मागायचा नाही, मेलेल्याला मागायचा, हा कुठला न्याय? नवं तंत्रज्ञान म्हणून मंचावरून टाळ्या घेता ना, मग ते पाठीवर घेऊन वाफ्यावाफ्यानं फिरणाऱ्याची जबाबदारीही घ्या. आणि हो, नुसत्या एका शब्दावर मान डोलावणारी मीही यातून सुटत नाही.

परवा मळ्यात गेले. छपरीत खुंटीला मामांचा फवारणीचा पंप टांगलेला होता, अर्धा भरलेला. उतरवून झाकण उघडायला गेले तशी मामी ओरडली, "हात नको लावू!" मग जवळ येऊन म्हणाली, "विहिरीपाशी नाई ओतता येत. नालीतलं पानी गुरं पेतात. मातीत टाकावं त तिथं पालक लावाचा हाय… तू शिकेल हाय, तूच सांग, कुठी ओतू?" कोपऱ्यातल्या त्या पांढऱ्या बाटलीवरचं लेबल मी पुन्हा पुन्हा वाचलं. उरलेलं कुठे टाकायचं याची एक ओळ नव्हती. तिच्यासमोरच कार्यालयात फोन लावला, स्पीकरवर. पलीकडचा माणूस घाईत होता. म्हणाला, "ज्यांनी पंप भरला त्यांनाच विचारा ना."

मामीनं पंप माझ्या पुढ्यातून उचलला, झाकण घट्ट आवळलं आणि परत खुंटीला अडकवला.

"राहू दे," ती म्हणाली. "त्याइनं बी नसता ओतला."