रिकामी परात

आमच्या तळमजल्यावरच्या भाऊजींइतका दुसऱ्याच्या घरातल्या पाण्यावर डोळा ठेवणारा माणूस अख्ख्या घाटकोपरात नसेल, आणि असलाच तर तिथल्या बायकांनी त्याला एव्हाना जिन्यावरून ढकलून दिला असेल. भाऊजी माझे सख्खे कुणी नव्हेत, सगळी बिल्डिंगच त्यांना भाऊजी म्हणते. नोकरीभर डासांवर औषध मारत फिरले आणि निवृत्त झाल्यावर तेच काम फुकटात चालू ठेवलं. दर शुक्रवारी एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात पाणी काढून बघायचं पांढरं ओगराळं घेऊन दारात हजर. बेल वाजवायची पद्धत नाही. सरळ आत येणार, फ्रीजच्या मागचा ट्रे ओढणार, मनीप्लांटची बाटली उजेडात धरणार, कुंडीखालची बशी उलटी करणार. "नुसतं ओतू नका गो वहिनी, काथ्याने घासा. अंडी कडेला चिकटून बसतात." अळ्यांना ते पोरं म्हणायचे. एकदा जिन्यात उभं राहून त्यांनी मोठ्याने सांगितलं, "तिसऱ्या मजल्यावरच्या मावशींकडे पोरं झालीत, चांगली पन्नास तरी आहेत." मावशी सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या. त्या महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. भाऊजींना त्याचं काहीच नाही. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मावशींच्या बादलीत बॅटरी मारलीच.

माझ्या घरात एक जागा मात्र मी त्यांना दाखवली नव्हती. गणपतीचे लाडू केले की आम्ही डबा पाण्याच्या परातीत ठेवतो, मुंग्या चढत नाहीत. माझ्या सासूने ठेवला, मीही ठेवते. ती परात देव्हाऱ्याखाली पडद्याआड होती. भाऊजींचा हात पडद्याकडे गेला तेव्हा मी म्हटलं, "तिथे देवाचं आहे, हात लावायचा नाही." माणूस कोकणातला. मुकाट्याने मागे सरला.

विसर्जनानंतर माझ्या नातीला ताप भरला. नऊ वर्षांची पोर, डोळ्यांच्या मागे दुखतं म्हणून रडायला लागली. मी म्हटलं, हवा बदलली, काढा देते. भाऊजींना कुणी बोलावलं नव्हतं, तरी आले. अंगावरचे लाल ठिपके बघितले आणि म्हणाले, "काढा राहू दे. डॉक्टरकडे न्या, रक्त तपासा." डेंगू निघाला. मग त्यांनी माझं घरच ताब्यात घेतलं. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल सांगितली होती. मी अंगदुखीची माझी गोळी तिला द्यायला गेले तर हातातून काढून घेतली. "रक्त वाहायला लावाल पोरीचं." भर दुपारी तिच्यावर मच्छरदाणी लावली, कारण हा डास दिवसा चावतो आणि तिला चावून तोच ताप दुसऱ्याला देतो. पेज, शहाळं, मिठासाखरेचं पाणी, घोट घोट चालू. आणि दर दोन-तीन तासांनी तळमजल्यावरून हाक, "वहिनी, पोरगी मुतली का?" सगळी बिल्डिंग कान देऊन उत्तराची वाट बघायची. मावशीसुद्धा.

पाचव्या दिवशी ताप उतरला. मी शिरा करायला घेतला, सून ऑफिसला जायला निघाली. भाऊजी स्टूल घेऊन आले आणि दारातच बसले. "सुटली ना आता?" मी विचारलं. "ताप उतरला की खरी राखण सुरू होते. पोट दुखतं का, उलटी होते का, हिरड्या बघत राहायचं." मी म्हटलं, "तुमच्या तोंडात कधी बरं येत नाही." दुपारी पोरीने पोट धरलं. दोन उलट्या झाल्या, हिरडीला रक्त दिसलं, हातपाय गार पडले. मी जागच्या जागी उभी राहिले. भाऊजींनी रिक्षा सकाळपासूनच खाली थांबवून ठेवली होती. पोरीला उचलून तीन मजले उतरले, गुडघे दुखतात हे त्या दिवशी विसरले. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलीत. सलाईन लागलं, आणि चौथ्या दिवशी पोर घरी येऊन लाडू मागायला लागली.

लाडूंसाठी मीच भाऊजींसमोर पडदा सारला. परातीत पोरं वळवळत होती. चूक माझी होती, त्यात देवाचा काही संबंध नव्हता. आता जिन्यात माझी दवंडी पिटणार, म्हणून मी तयार होऊन उभी राहिले. भाऊजींनी डबा बाजूला ठेवला, परात गच्चीवर नेऊन उन्हात ओतली, घासून आणली. जिन्यात मावशींनी विचारलं, "काही मिळालं का हो?"

"काही नाही," भाऊजी म्हणाले. "कोरडं घर आहे."

आता त्यांना जिना चढवत नाही. शुक्रवारी खुर्ची टाकून खाली बसतात आणि हाक मारतात, "वहिनी, परात?" मी गॅलरीत जाऊन रिकामी परात उपडी धरते आणि त्यांनीच मला देऊन टाकलेल्या ओगराळ्याने वाजवते. हल्ली त्यांना ऐकू कमी येतं. म्हणून मी जोरात वाजवते, आणि ते मान वर करून हात हलवेपर्यंत थांबत नाही.