उलट्या टोपीचा शेवटचा सामना

बाळांनो, तुम्ही बेसबॉल बघता, म्हणून हे लिहिते. आम्ही आखातात, अल मनखूलला राहत होतो तेव्हा इमारतीखालच्या बाकावर रोज सकाळी एक म्हातारा अमेरिकन बसायचा. कानाला ट्रान्झिस्टर आणि डोक्यावर आतली बाजू बाहेर काढलेली टोपी. संघ मागे पडला की नशीब फिरावं म्हणून चाहते टोपी अशी घालतात, हे त्यानेच मला सांगितलं.

"तिकडे आता रात्र आहे, मॅडम. आज शेवटचा सामना. जिंकलो तर प्लेऑफमध्ये!"

दुसऱ्या दिवशीही तेच वाक्य. मी हसून म्हटलं, "काल पण शेवटचाच होता ना?"

"आमच्या खेळाला घड्याळ नसतं. कालचाच अजून चालू आहे."

सप्टेंबरअखेर सुरू झालेला तो सामना डिसेंबर आला तरी चालूच होता. मग एका सकाळी त्याने रेडिओ माझ्या हातात दिला. "माझ्याने ऐकवत नाही. तुम्ही ऐका आणि सांगा."

रेडिओला मागचं झाकण नव्हतं, आत सेलही नव्हते. केवळ त्याचं मन राखायला मी तो कानाला लावला. आत हजारो माणसांचा गलका चालला होता. तो वाढत गेला आणि एकाएकी थांबला, घरचा संघ हरल्यावर मैदान थांबतं तसा.

तो माझ्या चेहऱ्याकडेच बघत होता. "हरलो ना?"

मला खोटं बोलवेना. मी होकारार्थी मान हलवली.

"खलास," तो म्हणाला. टोपी सुलटी करून, सुटल्यासारखा हसून निघून गेला. पुन्हा कधी दिसला नाही.

रेडिओ माझ्याकडेच राहिला. त्यात सेल घालायचं धाडस मला अजून झालेलं नाही.